शाळा उघडण्यापूर्वी

मृग सरला, आर्द्रा लागली, की आपल्या घुग्घुसच्या शाळा उघडतात. पुण्या-मुंबईकडे जूनच्या मध्यालाच घंटा वाजते. आपल्याकडे ऊन फार. म्हणून विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी-शेवटी सुरू होतात. हे जास्तीचे दिवस कशात घालवावे? आम्ही म्हणतो, कागद जमवण्यात घालवा. दप्तर आणि गणवेश नंतर पाहू.

ज्याचे मूल यंदा पहिलीत जाणार, त्याने हे नीट वाचावे. शाळेत एक मोठे रजिस्टर असते. त्याला दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. मुलाचे नाव, आईबापाचे नाव, आडनाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, सारे त्यात लिहितात. तारीख आकड्यांत आणि अक्षरांत, दोन्ही. हेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते. तेथून दहावीच्या प्रमाणपत्रावर, तेथून नोकरीच्या अर्जावर.

आम्ही हे रजिस्टर पुष्कळ वर्षे हाताळले. पोराचा बाप कोळशाच्या खाणीत पहिल्या पाळीला गेलेला असतो. आई रोजीला गेलेली असते. मग शेजारचा काका पोराला घेऊन येतो. नाव विचारले तर म्हणतो, ‘बाल्या.’ तारीख विचारली तर म्हणतो, ‘लिहा गुरुजी, पोळ्याच्या आगेमागे झाला.’ बाल्या हे काय नाव झाले? पण शाळा सोडल्यावर अशी नोंद दुरुस्त करणे फार अवघड जाते. खेपा घालता घालता चपला झिजतात. म्हणून त्या दिवशी आईने किंवा बापाने स्वतः जावे. एक दिवसाची रोजी बुडाली तरी चालेल. नाव लिहून झाले, की ‘गुरुजी, वाचून दाखवा’ असे म्हणावे. आता तर तुम्हांलाच वाचता येते. तुम्हीच वाचा!

जातीच्या दाखल्याला तर जुनी नोंद फारच लागते. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. एवढा जुना कागद कोणाच्या घरी असतो? पण आजा दोन वर्षे का होईना शाळेत गेला असेल, तर त्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात त्याचे नाव सापडते. आज्याची ती एक ओळ नातवाच्या कामी येते.

कागद नाही म्हणून पोराला घरी मात्र ठेवू नका. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही. आपल्या गावी तेलंगणातून, बिहारातून माणसे कामाला येतात. त्यांच्या मुलांचा आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर होतो. तेवढ्यासाठीही प्रवेश अडत नाही. नाव आधी घालावे, कागद मागून आणावा.

आणलेला कागद ठेवावा कुठे? २६ ऑगस्ट २०२२ ला आपल्या आमराई वॉर्डात जमीन खचली. खाली कोळशाची जुनी खाण. एक घर पाहता पाहता गडप झाले. माणसे वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूच्यांनाही घरे सोडावी लागली. अशा वेळी पेटी उघडून कागद शोधायला कोण थांबतो? सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगावे. पावसाचे पाणी लागत नाही. वाळवीही लागत नाही. झेरॉक्स प्रती दुसऱ्या गावी, मामाच्या घरी ठेवाव्या.

पुस्तकांची चिंता नको. सरकारी शाळेत आठवीपर्यंत ती फुकट मिळतात, दुपारचे जेवणही मिळते.

राहिले घर. बाप रात्रपाळी करून सकाळी निजतो. मुले घरात गलका करतात. मग तो खेकसतो, आणि पोरे दिवसभर उन्हात हिंडतात. रात्री उशिरा निजतात. शाळा उघडायच्या आठ दिवस आधीपासून त्यांना नवाच्या आत निजवा. पहिल्याच दिवशी एकदम उठवले, तर पोर रडते आणि आई मारते. अभ्यासाला एक कोपरा नेमून द्या. गोणपाट अंथरले तरी पुरे. कोळशाची काळी धूळ सगळीकडे बसते, म्हणून वह्या फडक्यात बांधून ठेवाव्या.

आणि मुलगी? लहान्याला कोण सांभाळणार, पाणी कोण भरणार, म्हणून तिला पेरणी संपेपर्यंत घरी ठेवतात. पेरणी संपते, मग निंदण निघते. तिची शाळा तशीच राहते. लहाना तीन वर्षांचा झाला असेल, तर त्याला अंगणवाडीत पाठवा. पाणी पहाटे बापाने किंवा भावाने भरावे. त्याने कोणाची इज्जत जात नाही.

आता पाटी घ्या. आपल्या मुलाचे पूर्ण नाव लिहा. त्याखाली आईचे नाव लिहा. जन्मतारीख आधी आकड्यांत, मग अक्षरांत लिहा. घरच्या कागदाशी ताडून पाहा. फरक दिसला, तर पाटी पुसू नका. तशीच उद्या वर्गात घेऊन या.