आंब्याच्या उंच झाडावर चढण्यासाठी दोराची निवड

मार्च महिना उजाडला की रत्नागिरी, सिंधुदुर्ग व रायगड या जिल्ह्यांत हापूस आंब्याच्या काढणीची धांदल सुरू होते. फळ चौदा आणे तयार झाले की ते देठासह उतरवावे, सकाळी ऊन चढण्यापूर्वी किंवा दुपार कलल्यावर उतरवावे, फळावर चीक सांडू देऊ नये, या सूचना बागायतदारांना आता पाठ झाल्या आहेत. फळ भुईवर आपटून डागी होऊ नये म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला नूतन झेलाही गावोगाव पोहोचला आहे. परंतु फळ पडू नये म्हणून जेवढी दक्षता घेतली जाते, तेवढी ते उतरविणारा माणूस पडू नये म्हणून घेतली जात नाही, हे मान्य करावयास हवे. जुन्या बागांतील कलमे दहा ते पंधरा मीटरपर्यंत वाढलेली असतात. त्यांच्या शेंड्याकडील फळ जमिनीवरून झेल्याने हाती लागत नाही. काढणाऱ्याला वर जावे लागते, आणि तो बहुधा केवळ हातापायांच्या भरवशावर जातो. फार तर कंबरेस एखादा दोर गुंडाळलेला असतो, आणि तोही बहुधा पेट्या बांधण्याच्या दोरातून कापून घेतलेला असतो.

झाडे छाटून बुटकी ठेवणे हा या प्रश्नावरील खरा उपाय होय. तथापि छाटलेले जुने झाड पुन्हा भरपूर फळावर येण्यास काही वर्षे जातात, व सर्व बाग एकाच वेळी छाटणे कोणासही परवडत नाही. तोपर्यंत उंच झाडावर चढणे भाग आहे, म्हणून दोराचा विचारही भाग आहे.

दोराच्या आधाराने झाडावर काम करण्याची रीत नवी नाही. विजेच्या खांबावर चढणारे तंत्री खांबाभोवती पट्टा टाकून दोन्ही हात मोकळे ठेवतात. वृक्षछाटणीचा व्यवसाय करणारे लोक अंगावर पट्ट्यांचा साज चढवून दोरावर बसल्या बसल्या फांद्या कापतात. अमेरिकेत हरणांची शिकार करणारे लोक तर अशाच पट्ट्यात खोडाला टेकून तासन् तास झाडावर बसून राहतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यान्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे, त्यामुळे ते उदाहरण येथे उपयोगाचे नाही. परंतु त्या शिकाऱ्यांची दोर बांधण्याची पद्धती आंबा काढणाऱ्यास चांगली उपयोगी पडते. तीत दोन दोर असतात. पहिला वेढ्याचा दोर. तो खोडाभोवती फिरवून त्याची दोन्ही टोके कंबरेच्या दोन बाजूंस अडकवितात. दुसरा आधाराचा दोर. तो डोक्याच्या वर खोडास किंवा जाड फांदीच्या बेचक्यात बांधून त्याचे टोक पट्ट्याच्या पुढील बाजूस अडकवितात. पहिल्यावर टेकून चढावयाचे व दुसऱ्यावर भार देऊन काम करावयाचे, अशी ही विभागणी आहे.

आता हे दोर कशाचे असावेत ते पाहू.

घरात जो दोर असेल तो झाडावर नेण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. सुंभ, घायपात, अंबाडी, ताग व सूत यांचे दोर शेतीत पिढ्यान् पिढ्या वापरात आहेत आणि आपापल्या कामी ते उत्तमच आहेत. सुंभाचा दोर खरखरीत असतो, हातातून सहसा निसटत नाही, व पाण्यात लवकर कुजत नाही. नारळावर चढणारा पाडेली पायांत अडकविण्यासाठी त्याचीच वेढी करतो ती याच गुणामुळे. परंतु सुंभाची ओढ सहन करण्याची ताकद त्याच जाडीच्या मनिला दोराच्या साधारण चौथाईच असते. शिवाय वनस्पतीच्या तंतूंचा दोर आतून कुजला तरी बाहेरून धडधाकट दिसतो. पावसाळ्यात पडवीत टांगलेल्या घायपाती दोराचे पेड उलगडून पाहावेत. मधला तंतू काळसर होऊन बोटाने तुटत असल्यास त्याने गवताचा भारादेखील बांधू नये. माणसाचा भार घेण्यासाठी या जातीचा कोणताही दोर वापरू नये. टोपली खाली सोडण्यासाठी तो खुशाल वापरावा.

बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारा निळा, पिवळा वा हिरवा चकचकीत दोर हा बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन यांचा असतो. खेड्यात त्यालाही ‘नायलॉनचा दोर’ म्हणण्याची चाल पडली आहे, व सर्वांत मोठा घोटाळा येथेच होतो. हा दोर वजनाला हलका असतो व पाण्यावर तरंगतो, म्हणून मच्छीमारांस प्रिय आहे. परंतु उन्हाने त्याचे तंतू ठिसूळ होतात. बागेतील खोपीवर दोन उन्हाळे पडून राहिलेला असा दोर हातात चोळला असता त्याची भुकटी पडते. दुसरा दोष घर्षणाचा आहे. पॉलिथिलीन सुमारे १३० अंश व पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सियसला वितळते. दोरावर दोर घासला की एवढी उष्णता क्षणात निर्माण होऊ शकते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपण म्हणतो. या दोराची गोष्ट उलट आहे. तो न जळताच वितळतो, आणि पीळही राहत नाही. वजनावर विकला जाणारा दोर माणसासाठी नव्हे, असा ढोबळ नियम मनात धरल्यास फारशी चूक होणार नाही.

खरे नायलॉन बळकट असते व सुमारे २२० अंशांपर्यंत वितळत नाही. ते ताणले जाते, त्यामुळे हिसका बसल्यास तो काहीसा पचवते. पण हाच ताण काम करताना त्रासाचा ठरतो. माणूस दोरावर टेकला की खाली-वर झुलू लागतो व फळाचा नेम चुकतो. ओले झाल्यावर नायलॉनची ताकद दहा ते पंधरा टक्क्यांनी कमी होते. पॉलिएस्टर फारसे ताणले जात नाही, भिजल्याने विशेष कमजोर होत नाही, व उन्हातही अधिक टिकते. म्हणून वेढ्याच्या व आधाराच्या दोन्ही दोरांसाठी कमी ताणाचा, विणलेला, आत गाभा व बाहेर वेष्टन असलेला नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा ११ मिलिमीटर जाडीचा दोर निवडावा. मुंबई-पुण्यात गिर्यारोहणाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत तो मीटरवर मिळतो. त्याच्या चिठ्ठीवर ईएन १८९१ हे मानक व ‘ए’ हा प्रकार छापलेला आहे, याची खात्री करून घ्यावी. या प्रकारच्या दोराने किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २,२४० किलोग्रॅम, ओढ सोसली पाहिजे असा दंडक आहे. कडा चढताना गिर्यारोहक जो लवचिक दोर वापरतात तो निराळा. तो या कामास घेऊ नये, आणि कोणी टाकून दिलेला जुना दोर तर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

सत्तर किलो वजनाच्या माणसास २,२४० किलोचा दोर कशाला, असा प्रश्न शेतकरी हटकून विचारतात. त्याचे उत्तर गणिताने देता येते. दोर सैल सोडून काम करणारा मनुष्य एक मीटर खाली पडला व दोराने त्यास पुढच्या दहा सेंटिमीटरमध्ये थांबविले, तर थांबताना दोरावर पडणारा सरासरी भार त्याच्या वजनाच्या अकरा पट, म्हणजे ७७० किलो होतो. पाच सेंटिमीटरमध्ये थांबविले तर तो एकवीस पट होतो. गाठ मारल्याने दोराची ताकद गाठीच्या प्रकारानुसार चौथाईपासून निम्म्यापर्यंत घटते ती वेगळीच. पुढे कडेवर घासणे, ऊन व वय यांची घट धरावयाची. पेट्या बांधण्याच्या दोराचा हिशेब येथेच संपतो. या गणितातून दुसरीही गोष्ट कळते. दोर कितीही बळकट असला तरी एवढा हिसका माणसाच्या अंगास सोसवणारा नाही. म्हणून आधाराचा दोर नेहमी कंबरेच्या वर बांधलेला व ताठ असावा, त्यात ढील राहू देऊ नये. आपण दोराच्या बांधणीपेक्षा वर चढलो असे दिसताच थांबून बांधणी वर सरकवावी.

दोराची लांबी झाडावरून ठरवावी. वेढ्याच्या दोरासाठी खोडाचा घेर मोजून त्यात दोन मीटर मिळवावेत. म्हणजे दीड मीटर घेराच्या झाडास साडेतीन मीटर दोर लागेल. आधाराच्या दोरास अडीच ते तीन मीटर पुरतात. कापलेले टोक वितळवून बंद करावे आणि त्यावर जाड गाठ मारून ठेवावी, म्हणजे सरकती गाठ टोकावरून निसटणार नाही.

ही सरकती गाठ म्हणजे या पद्धतीचा प्राण होय. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली ती प्रसिद्ध केली, म्हणून तिला प्रुसिक गाठ म्हणतात. पातळ दोरीची बंद वेटोळी करून ती मुख्य दोराभोवती तीन वेळा आतून फिरवितात व ओढून घट्ट बसवितात. भार नसताना ही गाठ हाताने वर-खाली सरकते. भार पडला की दोराला आवळून धरते. तिच्यामुळे खोड वर निमुळते होत जाईल तसा वेढा कमी करता येतो. मात्र दोरी मुख्य दोरापेक्षा पातळ असली तरच ती आवळते. ११ मिलिमीटरच्या दोरावर ८ मिलिमीटरची दोरी योग्य. ११ वर ११ घेतल्यास गाठ घसरते, आणि ५ मिलिमीटरची दोरी आवळते खरी, पण तिची ताकद माणसास पुरी पडत नाही. दोरी नायलॉन वा पॉलिएस्टरचीच असावी. नवा दोर गुळगुळीत व ताठ असल्यामुळे कधी कधी तीन वेढ्यांनी भागत नाही, तेव्हा चौथा द्यावा. गाठ धरते की नाही हे जमिनीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर दोर बांधून, संपूर्ण भार टाकून पाहावे. वर गेल्यावर ही परीक्षा करावयाची नसते. दोराच्या कायमच्या टोकास आठच्या आकड्यासारखी दुहेरी गाठ मारावी. ती ओळखण्यास सोपी असल्यामुळे खाली उभा असलेला सोबतीही तिची तपासणी करू शकतो.

दोर अंगास जोडताना उघडी आकडी वापरू नये. आटे फिरवून झडप बंद होते अशी, माणसाच्या भारासाठी बनविलेली पोलादी कडी घ्यावी. कंबरेचा नुसता पट्टा पुरेसा नाही. त्यावर लोंबकळल्यास पोट व बरगड्या दबतात, आणि उलटे झाल्यास माणूस त्यातून निसटू शकतो. खांदे व मांड्या यांतून जाणारा आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा साज घ्यावा. वेढ्याच्या दोरासाठी त्यास कंबरेच्या दोन्ही बाजूंस कड्या आहेत हे घेतानाच पाहून घ्यावे.

नवशिक्यांची चूक बहुधा फांदी ओलांडताना होते. वाटेत फांदी आली की वेढा सोडून तिच्या वर पुन्हा टाकावा लागतो. त्या अर्ध्या मिनिटात माणूस मोकळा असतो. म्हणून आधाराचा दोर आधी फांदीच्या वर बांधावा, त्यावर भार देऊन पाहावा, व मगच वेढा सोडावा. उतरताना क्रम उलटा, पण नियम तोच. एका वेळी एक तरी दोर बांधलेला असलाच पाहिजे. आधार बांधण्याची जागाही पारखावी लागते. आंब्याचे लाकूड ठिसूळ असते. ज्या फांदीवर बांडगूळ वाढले आहे, जिच्या बुंध्याशी खोडकिड्याचा भुसा पडला आहे, किंवा जी साल सोडू लागली आहे, तीवर दोर बांधू नये. पंधरा सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीची फांदीही टाळावी. जवळून विजेची तार जात असेल तर तेथे चढूच नये. ओला दोर व ओला बांबू यांतून वीज वाहते.

झाडावर चढणाऱ्याचा एक सोबती खाली असलाच पाहिजे. वरचा मनुष्य बेशुद्ध होऊन पट्ट्यात निश्चल लोंबकळत राहिला, तर काही मिनिटांतच त्याच्या जिवास धोका उत्पन्न होतो. त्यास ताबडतोब उतरविण्याचा सराव हंगामापूर्वी एकदा करून ठेवावा. कोकणातील पुष्कळ बागांत काढणीसाठी नेपाळी मजूर असतात. सूचना त्यांना समजेल अशा भाषेत सांगावी व गाठी त्यांच्याकडून स्वतः मारवून घ्याव्यात. साज विकत घ्यावयाचा तो बागायतदाराने. रोजंदारीच्या माणसाने तो आणावा अशी अपेक्षा करणे रास्त नाही.

दोराची निगा फार कठीण नाही, पण कोकणात तिला दोन-तीन खास शत्रू आहेत. दोडामार्गकडे रबराच्या बागा आहेत. तेथे चीक गोठविण्यासाठी वापरले जाणारे फॉर्मिक आम्ल नायलॉनला विरघळविते, म्हणून त्याचे डबे आणि दोर एका खोलीत ठेवू नयेत. बॅटरीच्या आम्लाचेही तेच. सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारताना दोरावर शिंतोडे उडाल्यास त्यातील चुना पॉलिएस्टरला अपायकारक होऊ शकतो, म्हणून दोर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. उंदरांपासून जपावे. खरेदीची तारीख दोरावर रंगाने लिहू नये, चिठ्ठी बांधावी.

प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी सर्व दोर हातातून सरकवीत तपासावा. वेष्टन फाटून आतील गाभा दिसणे, एखादी जागा मऊ किंवा कडक लागणे, तंतू वितळून काचेसारखे चकाकणे, यांपैकी काहीही आढळल्यास दोर बाद करावा. त्यावर कोणी जोराने पडला असेल तर बाहेरून काही दिसत नसले तरी तो बाद समजावा. न वापरलेला दोरही सुमारे दहा वर्षांनी टाकून द्यावा, असे बहुतेक उत्पादक सांगतात. हंगामभर रोज वापरलेला दोर त्याच्या कितीतरी आधी बाद होतो. बाद केलेला दोर मात्र अखंड ठेवू नये. तो पडवीत टांगलेला दिसला की पुढच्या हंगामात कोणीतरी तो घेऊन झाडावर चढतो. त्याचे हातभर लांबीचे तुकडे करावेत. वासरांची दावी करण्यास ते चांगले असतात.