पुरण्याआधी थोडं थांब

आधी एवढं सांग, कासवं अजून घरातच आहेत ना? सोसायटीच्या बागेत खड्डा खणायला वॉचमनला सांगितलं असशील, तर त्याला थांबव. टँकचं पाणीही ओतू नकोस. लेकीला जवळ घे, दोघी पोटभर रडा, पण टँकचा कोपरा आहे तसाच राहू दे. ‘काल संध्याकाळी तर खात होती गं, ताई,’ असं सारखं म्हणत होतीस. मग एका रात्रीत दोन्ही कशी गेली, ते आजच शोधायला हवं. उद्या अर्धा पुरावा कुजलेला असेल आणि उरलेला आपणच फिनेल टाकून धुऊन काढलेला असेल.

आणि एक विचारते, रागावू नकोस. ती नक्की गेलीत ना? नाशिकचा जानेवारी तुला मी काय सांगणार! निफाडला पारा पाच अंशांखाली जातो. तुमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये तेवढी थंडी नसली, तरी हीटर बंद पडला तर टँकचं पाणी रात्रीत चांगलंच गार होतं. या प्राण्यांचं अंग बाहेरच्या उबेवर चालतं. फार गारठलेलं कासव हलत नाही, त्याचा श्वास दिसत नाही, पाय ओढला तरी ते तो आत घेत नाही. उलट, खरोखर गेलेल्या कासवाचं हृदय कित्येक तास धडधडत राहू शकतं. म्हणून डॉक्टर डॉपलर यंत्र लावून ठोके पूर्ण थांबल्याची खात्री करतात. डोळे खोल गेलेत, अंग कडक झालंय, वास येतोय, असं असेल तर प्रश्नच नाही. जरा जरी शंका असेल तर कोरड्या टॉवेलवर खोलीच्या उबेत ठेव आणि तशीच डॉक्टरांकडे ने. गरम पाण्यात मात्र बुडवू नकोस.

गेलीच असतील, तर हातमोजे घाल. प्रत्येक कासव वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर तारीख आणि वेळ. आता फ्रिजमध्ये ठेव. फ्रीझरमध्ये नाही हं, खालच्या कप्प्यात. बर्फ झाला की त्याचे स्फटिक पेशी फाडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही धड दिसत नाही. माझी अर्धी नोकरी लॅबमध्ये असले नमुने सांभाळण्यात गेली, म्हणून एवढ्या ठासून सांगतेय. सासूबाई फ्रिजचं नाव काढताच कपाळाला हात लावतील, हे मला ठाऊक आहे. मग थर्माकोलचा डबा घे, आत बर्फाच्या पिशव्या, त्यांना वर्तमानपत्र गुंडाळ आणि डबा गॅलरीत सावलीत ठेव. शवविच्छेदन चोवीस तासांच्या आत झालं तर उत्तम.

आता वही काढ. टँकचे चारी बाजूंनी फोटो घे. पाण्याचं तापमान मोज, हीटरच्या आकड्यावर विसंबू नकोस. या लाल कानाच्या कासवांना पाणी साधारण २४ ते २८ अंश लागतं आणि अंग शेकायला ३० अंशांच्या वरची कोरडी जागा. थर्मोस्टॅट अडकला तर हीटर पाणी उकळायच्या बेतात नेतो, वायर सुटली तर सगळं गार. रात्री लाइट गेली होती का, हेही लिही. पाणी स्वच्छ बाटलीत भरून झाकण लाव. अमोनिया आणि क्लोरीन तपासायचं किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं. खाण्याचं पाकीट फेकू नकोस. गेल्या महिन्याभरात घरात काय बदललं तेही लिही: पेस्ट कंट्रोल, नवा रंग, डास पळवणारं लिक्विड, कुत्र्यासाठी आणलेलं गोचिडाचं औषध. कुणी जंताचं औषध म्हणून आयव्हरमेक्टिन दिलं होतं का, हे तर नक्की विचार. गाईगुरांना ते सर्रास देतात, कासवाला ते मारतं.

तुझ्याकडचा सगळ्यात मोठा धागा म्हणजे दोघंही एकाच रात्री गेली. एकाच रात्री सगळे गेले तर आधी हवा, पाणी, वीज आणि विष यांच्याकडे बघायचं. आठवडाभराच्या अंतराने एकेक गेलं असतं, तर मी संसर्ग म्हटलं असतं आणि दुकानातून नवा प्राणी कधी आणला होता ते आधी विचारलं असतं. एकटंच गेलं असतं, तर त्याच्या अंगातलं दुखणं शोधावं लागलं असतं: अडलेली अंडी, गिळलेला खडा, फिल्टरच्या तोंडाशी अडकून बुडणं. हो, कासवंही बुडतात. आणि नराशिवायही मादीला अंडी होतात, ती अडली की जीव जातो.

पण एक लक्षात ठेव, हे प्राणी दुखणं दाखवत नाहीत. रानात जो आजारी दिसला तो कुणाच्या तरी तोंडी गेला, म्हणून शेवटपर्यंत लपवायचं हीच त्यांची रीत. एका गार रात्रीने दोघांना नेलं असेल, तरी ती आधीच खंगलेली होती का, हे आतून पाहिल्याशिवाय कळत नाही. तुझा टँक खिडकीत आहे आणि ऊन भरपूर येतं, असं तू कौतुकाने सांगायचीस. पण काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी किरण जवळजवळ उरतच नाहीत. ते नसले की कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं आणि एक दिवस झटके येऊन सगळं संपतं. यूव्हीबीची नळी असली, तरी सहा महिने ते वर्षभरात तिची ताकद जाते. उजेड मात्र येतच राहतो. त्यामुळे ती कधी लावली तेही वहीत हवं.

खाण्यातल्या विषाचंही सांगते. तुझ्या दिराकडे इग्वाना आहे ना? त्यालाही सांगून ठेव. द्राक्षाची पानं त्याच्यासाठी चांगला खाऊ आहे, पण आपल्या जिल्ह्यात बागेतलं पान तोडताना दहादा विचार करायचा. ऑक्टोबरच्या छाटणीपासून फवारण्या सुरू होतात. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, वर बुरशीची आणि किडींची औषधं. ओळखीच्या शेतकऱ्याने प्रेमाने पिशवीभर पाला दिला, तरी शेवटची फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. आणि भंडारदऱ्याला गेलात तर काजवे धरून आणायचे नाहीत. अमेरिकेत काही जातींचे काजवे खाऊन पाळलेले बिअर्डेड ड्रॅगन जातीचे सरडे मेल्याची नोंद आहे. आपल्याकडचे काजवे घालून परीक्षा कशाला घ्यायची?

आता डॉक्टर. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात फोन करून आधी विचार, ‘सरपटणाऱ्या प्राण्याचं शवविच्छेदन करता का?’ नाही म्हणाले तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी कर. डॉक्टरांना एवढंच म्हण, की उघडून बघितल्यावर यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस यांचे छोटे तुकडे फॉर्मलिनमध्ये राखून ठेवा. नुसत्या डोळ्यांना बरेचदा काहीच दिसत नाही, उत्तर त्या तुकड्यांत असतं. ते तपासायला परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात घेतील का, हे डॉक्टरांनाच विचारायला सांग. विषाचा संशय असेल तर तसं स्पष्ट बोल, कारण त्यासाठी फॉर्मलिनमधला तुकडा चालत नाही, वेगळा गोठवलेला नमुना लागतो.

इतकं करूनही अहवालात ‘कारण निश्चित नाही’ असं आलं, तर खचू नकोस. २००७-०८च्या हिवाळ्यात चंबळ नदीत शंभराहून जास्त घडियाली मगरी मेल्या. देशोदेशीचे तज्ज्ञ आले, शवविच्छेदनं झाली. मूत्रपिंडं निकामी होऊन अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर साचलेले सापडले आणि थंडीने त्यात भर घातली असावी, असं मत पडलं. मूत्रपिंडं कशाने बिघडली, तो पदार्थ मात्र शेवटपर्यंत ठामपणे हाती लागला नाही. पण कुठे बघायचं ते तर कळलं. तुझ्या अहवालातूनही निदान तीन-चार शक्यता खोडल्या जातील, तेही कमी नाही.

कायद्याचंही बोलून टाकते. तुझी कासवं विदेशी जातीची होती, म्हणून तू मोकळेपणाने डॉक्टरांकडे जाऊ शकतेस. वास्तूला शुभ म्हणून कुणी घरात स्टार कासव ठेवलं असेल, तर तो गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, तीन ते सात वर्षांच्या कैदेचा. असे लोक भीतीपोटी मेलेलं कासव रात्री गोदावरीत सोडून येतात. तुझ्या माहितीत कुणी असेल, तर जिवंत आहे तोवरच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायला सांग. बॉल पायथन, इग्वाना यांसारख्या प्राण्यांची २०२४च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद लागते आणि मृत्यूही तिथे कळवावा लागतो. दिराला हेही सांग.

लेकीचे हात साबणाने धुऊन घे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असतो, ते धडधाकट दिसत असलं तरी. याच कारणाने अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकायला १९७५पासून बंदी आहे. तिला ताप किंवा जुलाब झाले, तर घरात कासवं होती हे मुलांच्या डॉक्टरांना आवर्जून सांग. टँक स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचा नाही, हे आत्ताच ठरवून टाक.

आणि घरात ‘कुणामुळे’ हा शब्द काढायचा नाही. नवरा म्हणेल हीटर तू बंद केलास, तू म्हणशील पेस्ट कंट्रोल त्याने बोलावलं. भांडणात माणसं बदललेल्या गोष्टी लपवतात आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्या आहेत. ‘काय बदललं’ एवढंच विचार, प्रत्येकाला वेगवेगळं, लेकीलासुद्धा. मुलं बरंच बघत असतात. अहवाल हातात येईपर्यंत नवं कासव आणायचं नाही, लेकीने कितीही हट्ट केला तरी. कारण न कळता त्याच टँकमध्ये दुसरा जीव सोडणं म्हणजे तीच रात्र पुन्हा बोलावणं. चल, आधी दवाखान्यात फोन लाव. वहीचं पहिलं पान भरलं की फोटो काढून मला पाठव.