ट्रॅक्टरचा रेडिएटर : क्षार काढा, हवाही काढा

उन्हाळी नांगरटीत ट्रॅक्टर तापू लागला की शेतकरी बांधव रेडिएटरमधील पाणी बदलतात. पण पुन्हा विहिरीचेच पाणी भरतात. हे पाणी जड असते. ते तापले की त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार नळ्यांच्या आत थर धरतात, घरच्या बंबात धरतात तसेच. या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडू नये. आत दाब असतो. उकळते पाणी तोंडावर उसळते. रेडिएटरचा आणि इंजिन ब्लॉकचा असे दोन्ही ड्रेन कॉक उघडावेत. ब्लॉकचा कॉक हमखास विसरला जातो व गाळ तिथेच राहतो. मग साधे पाणी भरून इंजिन गरम होईपर्यंत चालवावे, थंड होऊ द्यावे व पाणी सोडावे. पाणी निवळ येईपर्यंत असे करावे. घट्ट थर मात्र पाण्याने जात नाही. त्यासाठी पुस्तिकेत सांगितलेलेच द्रावण वापरावे. बॅटरीचे ॲसिड किंवा धुण्याचा सोडा टाकू नये, ॲल्युमिनियमचे भाग खाल्ले जातात.

आता हवेचे. गेल्या उन्हाळ्यात घरच्या ट्रॅक्टरमध्ये मीच घाईने पाणी ओतले. रेडिएटर काठोकाठ दिसत होता, तापमानाचा काटाही जागेवर होता, पण हेडमध्ये हवा कोंडली होती. सेन्सरभोवती पाणीच नसेल तर काटा खोटे सांगतो! दोन तासांनी वाफ दिसली म्हणून थांबलो, नाहीतर हेडला बाक आला असता.

म्हणून ट्रॅक्टरचे तोंड थोडे चढावर ठेवून, हँडब्रेक लावून व चाकांना उटी देऊन, सावकाश भरावे. मधूनमधून वरचा होज पाईप दाबावा. थंड इंजिन झाकण न लावता मंद गतीवर सुरू करावे. थर्मोस्टॅट उघडला की वरचा पाईप गरम होतो, बुडबुडे येतात व पातळी उतरते. भर घालावी; बुडबुडे थांबले की झाकण लावावे. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात पातळी पुन्हा पाहावी.

भरताना कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घ्यावे. तयार मिश्रणाच्या डब्यात पाणी घालू नये. काढलेले कूलंट गोठ्याजवळ सांडू नका. ते गोडसर असल्याने जनावरे चाटतात आणि ते विषारी आहे.

बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅसकेट गेल्याचा संशय धरावा व ट्रॅक्टर मिस्त्रीकडे न्यावा.