यंत्रानं कॉफी तोडायची, तर पैसे कुठे कुठे जातात?

ब्राझीलमधल्या कॉफीतोडणीचे व्हिडिओ पाहून भले भले हरखतात. पोटात पोकळी असलेलं एक उंच धूड झाडांच्या ओळीवर स्वार होतं, झाडं त्याच्या पोटातून जातात, आणि मागून निघतात ती जवळजवळ रिकामी. एका बाजूच्या नळीतून लालपिवळी फळं ट्रॉलीत पडत राहतात. मग कूर्ग-चिकमगळूरकडे बाग असलेला किंवा घेऊ पाहणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच: हे तासाला कितीला पडतं?

तासाचा दर समजायला सगळ्यात सोपा, पण त्यावरून फार काही कळत नाही. झाडावर काय राहिलं, जमिनीवर काय सांडलं आणि ट्रॉलीत हिरवं किती आलं, यावर यंत्रतोडणी स्वस्त की महाग हे ठरतं. ब्राझीलचं उदाहरण घेऊनच हिशेब करून पाहू. तिथलं चलन रेआल. 2025 मध्ये एक रेआल साधारण 15-16 रुपयांचा होता. पुढचे दर मी हिशेबाची रीत कळावी म्हणून धरले आहेत. ते हंगामागणिक आणि गावागणिक बदलतात, तेव्हा तिथे आपापले आकडे घाला.

कॉफी तोडणारं पहिलं यंत्र 1979 मध्ये ‘जाक्तो’ या साओ पाउलो राज्यातल्या कंपनीनं आणलं. मूळ कल्पना आजही तीच आहे. यंत्राच्या पोटात दोन उभे दंड असतात आणि त्यांना फायबरच्या काड्यांची झालर असते. त्या काड्या मिनिटाला शेकडो वेळा थरथरतात आणि फळं गळतात. खाली खोडाभोवती मिटणाऱ्या पट्ट्या ती झेलतात, पंखा पाला उडवून लावतो. पिकलेल्या फळाचं देठ सैल असतं, हिरव्याचं घट्ट. म्हणून थरथर कमी ठेवली तर पिकलेलं जास्त येतं, वाढवली की सगळंच येतं, सोबत पानं आणि मोडक्या फांद्याही.

आता ओळीचा हिशेब. दोन ओळींत साडेतीन मीटर अंतर असेल, तर एका हेक्टरात सुमारे 2,850 मीटर ओळ भरते. चार मीटर असेल तर 2,500. यंत्र तासाला एक किलोमीटर चाललं, तर साडेतीन मीटरच्या बागेत हेक्टरी पावणेतीन-तीन तास लागतात. टोकाला वळण्यात, ट्रॉली बदलण्यात अर्धा तास धरा. भाडं तासाला 300 रेआल धरलं, तर एका फेरीचे हेक्टरी साधारण 1,000 रेआल झाले. ओळी आखूड असतील तर वळणांतच तास जातो. बागेच्या टोकाला यंत्र वळायला जागा ठेवलेली नसेल, तर दर कितीही घासाघीस करून पाडलात तरी काही हाती लागत नाही.

हे 1,000 रेआल पिकावर वाटा. साठ किलोची 30 पोती निघाली तर पोत्याला 33. बारा निघाली तर 83. यंत्राला पिकाशी देणंघेणं नाही, ते ओळीचे पैसे घेतं. कॉफीचं झाड एक वर्ष भरपूर देतं आणि दुसऱ्या वर्षी दमतं. ब्राझीलच्या अनेक बागायतदारांनी यावर रांगडा उपाय काढला आहे. एका मोठ्या पिकानंतर झाडाच्या आडव्या फांद्या छाटून टाकायच्या, पुढच्या वर्षी पीकच घ्यायचं नाही, म्हणजे त्या वर्षी तोडणीचा खर्चही नाही. त्याला ते ‘साफ्रा झेरो’, म्हणजे शून्य हंगाम म्हणतात. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण कमी पिकाच्या वर्षातला पोत्यामागचा तोडणीखर्च मांडून पाहिला की पटतं.

हातानं केलेल्या तोडणीशी तुलना करू. ब्राझीलमध्ये मजुरी बहुधा साठ लिटरच्या मापावर ठरते. पोतंभर तयार कॉफीला जवळजवळ 480 लिटर फळं लागतात, म्हणजे आठ मापं. मापाला 20 रेआल धरले तर पोत्याला 160, तीस पोत्यांचे 4,800. यंत्राच्या दोन फेऱ्यांचे 2,000. फरक डोळ्यांत भरतो, आणि विक्रेता इथेच कागद मिटतो. तो उघडाच ठेवायला सांगा.

तीस पोत्यांतलं दहा टक्के पीक यंत्राच्या पट्ट्यांतून निसटून जमिनीवर पडलं असं धरू. तीन पोती. ही सांडलेली फळं झाडून, चाळून गोळा करावीच लागतात, कारण ती तशीच राहिली तर बोरर किडीची वीण त्यात टिकते आणि पुढच्या हंगामात ती झाडावर चढते. झाडलेल्या कॉफीला मातीचा, बुरशीचा वास लागतो, म्हणून भाव कमी. पोत्याला 1,500 रेआल भाव आणि त्यात तीस टक्के कपात धरली, तर तीन पोत्यांवर 1,350 रेआल गेले. म्हणजे यंत्राच्या एका फेरीच्या भाड्याहून जास्त, आणि झाडणीची मजुरी अजून धरलेलीच नाही. हिरव्या फळांचंही तेच. पावतीवर भाडं दिसतं, हे नुकसान दिसत नाही. आपल्याकडे यंत्रानं तोडलेल्या उसाच्या वजनातून पाचटाची कपात होते, ते ज्यांनी सोसलं आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको.

म्हणून चालकाला तासावर पैसे द्यायचे की हेक्टरवर, हा बारकावा मोठा आहे. हेक्टरवर दिले की तो यंत्र पळवतो. तासावर दिले की रेंगाळतो. मला तासाचा दर बरा वाटतो, पण वेग आणि थरथर आपण ठरवायची या अटीवर. पहिली फेरी हळुवार, फक्त पिकलेल्यासाठी, आणि तीन-चार आठवड्यांनी दुसरी. एकाच फेरीत सगळं खरवडून काढणाऱ्याला बिल कमी येतं खरं, पण मोडलेल्या फांद्यांवर पुढच्या वर्षी फुलं येत नाहीत.

यंत्र विकत घ्यावं का? समजा स्वयंचलित यंत्र 12 लाख रेआलला पडलं, दहा वर्षं चाललं आणि शेवटी तीस टक्के किंमत आली. वर्षाचा घसारा 84,000. त्यावर व्याज. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेनं जून 2025 मध्ये मूळ व्याजदर 15 टक्क्यांवर नेला होता. आपण सवलतीचा 12 टक्के धरू. सरासरी किमतीवर ते सुमारे 94,000 होतं. म्हणजे यंत्र शेडमधून न हलताच वर्षाला 1,78,000 रेआल गेले. हंगामात 600 तास चाललं, तर तासाला 297. हे जवळजवळ भाड्याइतकंच, आणि यात डिझेल, चालक, तुटणाऱ्या काड्या, हायड्रॉलिक नळ्या, विमा यातलं काहीच नाही. दोन फेऱ्यांनी 600 तास म्हणजे सुमारे 90 हेक्टर बाग. तेवढी नसेल तर यंत्र दुसऱ्यांच्या बागेत फिरवावं लागतं, आणि तो धंदा वेगळा आहे. तिथली मोठी यंत्रं दिवे लावून रात्रपाळीतही चालतात, त्यामागे हाच हिशेब आहे. ट्रॅक्टरनं ओढायचं यंत्र स्वस्त पडतं. मात्र ट्रॅक्टर तेवढ्या दिवसांसाठी त्यात अडकतो.

खळ्याचा खर्च बहुतेक जण विसरतात. माणसं फळं हळूहळू आणतात, यंत्र दिवसाला 25,000 लिटर आणून ओततं. ढीग एक रात्र राहिला की तापतो आणि आंबतो. चार सेंटीमीटर जाडीनं पसरायचं म्हटलं, तर एका दिवसाच्या मालाला 625 चौरस मीटर खळं लागतं, आणि माल सुकायला दहा दिवस धरले तर दहा दिवसांचा माल एकदम खळ्यावर असतो. त्याला आणखी काँक्रीट ओता, नाहीतर ड्रायर घ्या. यंत्राचा खर्च मांडताना तोही धरा.

आता आपल्याकडचं. ब्राझीलमधलं सेरादोचं पठार सपाट आहे, थंडीचे महिने कोरडे, आणि फळं बऱ्यापैकी एकदम पिकतात. मोठी यंत्रं साधारण 20 टक्के उतारापर्यंत, म्हणजे शंभर मीटरला वीस मीटर चढ, इथपर्यंत सुखानं चालतात. कूर्ग, चिकमगळूर किंवा आपलं चिखलदरा, कुठेही बाग डोंगरउतारावर, सावलीच्या झाडांखाली. कर्नाटकात सिल्व्हर ओकवर मिऱ्याचे वेल चढवलेले. तिथे ओळीवर स्वार होणारं यंत्र शिरणारच नाही. त्यासाठी सावली तोडून बाग नव्यानं लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर हिशेबात मिऱ्याचं उत्पन्नही वजा करायला सांगा.

उरतं ते हातात धरायचं यंत्र: दांड्याच्या टोकाला थरथरणारी बोटं, पाठीवर किंवा दांड्यावर छोटं इंजिन, झाडाखाली पसरलेलं कापड. समजा ते 50,000 रुपयांना पडलं, तीन हंगाम चाललं आणि दुरुस्तीला वर्षाला 5,000 गेले. पन्नास दिवसांच्या हंगामात दिवसाला सुमारे 433 रुपये झाले. पेट्रोल-ऑइल 550, चालवणाऱ्याची मजुरी 700, कापड ओढणाऱ्या दोघांची 1,000. एकूण 2,683. हातानं केलेल्या तोडणीचा दर किलोला 5 रुपये धरला, तर या तिघांनी दिवसाला जवळजवळ 540 किलो फळं आणली तरच बरोबरी होते. रोबस्टाच्या लगडलेल्या झाडांवर, शेवटच्या सरसकट तोडणीत, हे जमू शकतं. अरेबिका पिकेल तशी दोन-तीन वेळा निवडून तोडावी लागते. तिथे पहिल्या खेपेला यंत्र लावलं तर हिरवं वेगळं काढायला बसवलेल्या बायकांची मजुरीच फायदा खाऊन टाकते.

घेण्यापूर्वी विक्रेत्याला आपल्याच बागेत, आपल्याच उतारावर पूर्ण दिवस चालवून दाखवायला सांगा. दहा मिनिटांच्या प्रात्यक्षिकात कोणाचेही खांदे दुखत नाहीत. संध्याकाळी तीन वजनं करा: कापडावरचं, झाडावर राहिलेलं, जमिनीवर सांडलेलं, आणि एक बादली फळं घेऊन त्यातली हिरवी मोजा. सुटे भाग जवळच्या कोणत्या गावात मिळतात ते विचारा, कारण जानेवारीत बोटं तुटली आणि भाग यायला पंधरा दिवस लागले तर हंगाम निघून जातो. अनुदान हवं असेल तर बिल फाडण्याआधी कॉफी बोर्डाच्या जवळच्या कार्यालयात जा: योजना सध्या चालू आहे का, हे मॉडेल यादीत आहे का, आणि मंजुरी खरेदीआधी लागते का, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारून घ्या.