आधी विचारा, सीटी चालू आहे का

तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, जीभ जड पडली, की घरात पहिला प्रश्न निघतो, कुठं न्यायचं? उत्तरं दोनच असतात. कोपऱ्यावरचे डॉक्टर, नाहीतर थेट पुणं. मधलं तिसरं उत्तर मला सासऱ्यांच्या, अण्णांच्या आजारपणात कळलं, आणि तेही उशिरा.

आमचं गाव तालुक्याचं. मेंदूचे डॉक्टर इथं नाहीत. सकाळी सव्वासातला अण्णा दाढी करत होते. रेझर हातातून निसटला आणि डाव्या गालावरचा फेस तसाच राहिला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अंगावरून वारं गेलंय, तेल चोळा." माझ्या नवऱ्यानं ते कानाआड केलं आणि गाडी काढली. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

जवळच्या खासगी दवाखान्यात बीपी निघालं 190/100. लगेच जिभेखाली कॅप्सूल फोडली, सलाइन लावलं आणि सांगितलं, मोठे डॉक्टर अकराला येतात, सीटीचं मग बघू. बीपी उतरलं तसं आम्हालाही हायसं वाटलं. पण वाहिनीत गुठळी अडकलेली असते तेव्हा पलीकडचा मेंदू त्या वाढलेल्या दाबावरच कसाबसा तग धरून असतो. दाब धाडकन कोसळला की तेवढंही रक्त पोचत नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं तर बीपी 185/110च्या खाली लागतं हे खरं, पण ते शिरेतून औषध देऊन, मोजत मोजत आणायचं असतं.

सीटी झाला तेव्हा बारा वाजून गेले होते. मग दुसऱ्या एका रुग्णालयातल्या फिजिशियननी फिल्म खिडकीला धरून पाहिली, मोबाइलवर फोटो काढून पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टना पाठवला आणि म्हणाले, "रक्तस्राव नाही, म्हणजे गुठळीच. पण इंजेक्शनचे साडेचार तास उलटलेत." मोठी वाहिनी बंद असेल तर तारेनं गुठळी ओढून काढता येते, निवडक रुग्णांत अगदी 24 तासांपर्यंत, त्यासाठी मोठं शहर गाठावं लागतं. अण्णांची बारीक वाहिनी होती, तोही रस्ता नव्हता.

नंतर त्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला अजून सलतं. वेळेत आलेल्या पेशंटला ते इंजेक्शन ते इथंच देतात. त्याला न्यूरॉलॉजिस्ट खाटेशी उभा लागत नाही. सीटी, बीपी, साखर, वजन आणि फोनवर एक जाणता माणूस एवढं पुरतं. हिमाचल प्रदेशात 2014 पासून जिल्हा रुग्णालयांतल्या फिजिशियननी फोनवर सल्ला घेऊन हेच केलं. डोंगरात जमतं ते आपल्याकडे का जमू नये, असं माझ्या मनात येतंच.

म्हणून गाडीत बसता बसता फोन लावा आणि विचारा, सीटी मशीन आत्ता चालू आहे का, फिजिशियन आहेत का, लकव्याचं गुठळीचं इंजेक्शन देता का. एका जागी नाही म्हणाले तर पुढच्या जागी. 108ला सांगतानाही "चक्कर आली" म्हणू नका, सरळ लकवा म्हणा. नुसती पाटी बघून दवाखाना निवडायची ही वेळ नव्हे.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो वेळेचा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, तिथून घड्याळ धरतात. सकाळी उठल्यावर लक्षात आलं असेल तर रात्री झोपतानाची वेळ सांगा, उठल्याची नाही. औषधांची पिशवी जशीच्या तशी न्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर इंजेक्शनचा निर्णय बदलतो. सीटीआधी ॲस्पिरिन देऊ नका, कारण लकवा रक्तस्रावाचाही असू शकतो आणि तो वरून ओळखू येत नाही. बोटाला टोचून साखर बघितली का, हेही विचारा. साखर फार उतरली तरी हुबेहूब असंच दिसतं.

मग सहीचा कागद येतो. त्यात मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका लिहिलेला असतो आणि तो वाचून निम्मे नातेवाईक म्हणतात, नको, पुण्यालाच नेतो. धोका खराच आहे. ज्या अमेरिकन अभ्यासावर हा उपचार उभा राहिला, त्या 1995च्या अभ्यासात तो शंभरात सुमारे सहा जणांना झाला. तरीही तीन महिन्यांनी आपल्या पायांवर उभे राहिलेले लोक इंजेक्शन घेतलेल्यांत जास्त होते. घाटात गाडीत गेलेला वेळ मात्र परत मिळत नाही. इंजेक्शन इथं सुरू करून पुढे हलवता येतं. सोबत सीटीची सीडी आणि इंजेक्शनची वेळ लिहिलेली चिठ्ठी घ्यायची.

आणि इंजेक्शन हुकलं तरी छोट्या रुग्णालयात करण्यासारखं पुष्कळ उरतं. त्या संध्याकाळी नर्सताईंनी अण्णांना टेकून बसवलं, चमचाभर पाणी दिलं, घशावर बोट ठेवून गिळणं पाहिलं आणि नाव विचारलं. आवाज घोगरा आला. "आज तोंडानं काही नाही, नळी घालू," त्या म्हणाल्या. सासूबाई पेजेचा डबा घेऊन उभ्या, चांगल्याच चिडल्या. पण गिळणं बिघडलेल्या माणसाचं पाणी फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. लकव्यातून वाचलेले कितीतरी जण त्यानं जातात. ही चाचणी फुकट आहे, पाच मिनिटांची आहे, आणि बऱ्याच ठिकाणी कुणी विचारल्याशिवाय होत नाही. चहाचा कप पुढे करण्याआधी विचारा.