सूचना फलक

उर्दूत फलक म्हणजे आकाश. मराठीत फलक म्हणजे पाटी. शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारी जी पाटी टांगलेली असते तिला सूचना फलक म्हणतात. मधल्या सुट्टीत तुम्ही तिच्यासमोरून धावत जाता. आज जरा थांबून ती वाचू या.

वर्षातली पहिली सूचना शाळा उघडण्याची. २०२४ साली राज्याच्या इतर भागांतील शाळा १५ जूनला सुरू झाल्या, विदर्भातील मात्र १ जुलैला. जूनमध्येही आपल्याकडचे ऊन लवकर उतरत नाही, हे त्याचे कारण. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. म्हणूनच उन्हाळा लागला की ‘शाळा सकाळी भरेल’ ही ओळ फलकावर येते. त्याच दिवसांत खेड्यांतील माणसे पहाटे मोहफुले वेचायला जंगलात जातात. मग ताडोबा, ब्रह्मपुरीकडच्या गावांत वनविभागाचीही सूचना लागते : एकट्याने जंगलात जाऊ नये.

पावसाळ्यातील सूचना सर्वांत महत्त्वाची. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून वारंवार पाणी गेले आणि भामरागडचा संपर्क तुटला. अशा वेळी जिल्हाधिकारी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार शाळांना सुट्टी जाहीर करतात. तो आदेश शिक्षणाधिकाऱ्यांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तेथून केंद्रप्रमुखांकडे आणि शेवटी मुख्याध्यापकांकडे येतो. मग फलकावर असा मजकूर दिसतो :

सूचना
सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे उद्या शाळेस सुट्टी राहील. पुलावरून पाणी वाहत असल्यास कोणीही पूल ओलांडू नये.
मुख्याध्यापक

‘कळविण्यात येते की’ हे सरकारी मराठीचे नेहमीचे वळण आहे. उर्दूतील ‘इत्तिला दी जाती है’ आठवा. कळवणारा कोण, हे वाक्यात नसते. ते खालच्या सहीवरून समजते. ‘ओलांडू नका’ असे आपण समोरच्याला म्हणतो. ‘ओलांडू नये’ हे सर्वांसाठी असते, तुमच्या वडिलांसाठीही आणि सायकलवरून दूध घेऊन जाणाऱ्या चाचांसाठीही.

बहुतेक मुले घरी एवढेच सांगतात, “उद्या सुट्टी!” सुट्टीची बातमी कोणी न सांगताही पोहोचते. दुसरे वाक्य मात्र शाळेतच राहून जाते, आणि ते तर पुराच्या पाण्याबद्दल असते.

पूर्वी अशी बातमी गावात दवंडीने पोहोचत असे. कोतवाल ढोल किंवा डफ वाजवून चौकाचौकांत ओरडून सांगे. आपण तिला मुनादी म्हणतो. आता मोबाइलवर संदेश येतो. पण जंगलातील कित्येक गावांत फोन लागत नाही आणि संदेश असतो मराठीत. भामरागडकडे घरात माडिया बोलतात, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेऱ्याकडच्या अनेक गावांत बंगाली. म्हणजे मराठी जशी तुमची दुसरी भाषा, तशीच ती त्यांचीही. तेथे सूचनेचा अर्थ आजी-आजोबांना त्यांच्या भाषेत शाळेतली मुलेच सांगतात. तुमच्या घरीही हे काम तुमच्याकडेच येईल.

फलकावर आणखी एक शब्द वारंवार येतो : ‘मुदत’. हा तुमच्या ओळखीचा आहे. नवोदय विद्यालयाच्या निवड परीक्षेची सूचना लागली की तो नीट पाहावा. चंद्रपूर जिल्ह्याचे नवोदय तळोधी (बाळापूर) येथे आहे, गडचिरोलीचे घोट येथे. सहावीतील प्रवेशासाठी ही परीक्षा पाचवीत असतानाच देतात आणि ती दुसऱ्यांदा देता येत नाही. पाचवीतला तुमचा धाकटा भाऊ किंवा बहीण फलक वाचेलच असे नाही. तुम्ही वाचा आणि अर्जाची शेवटची तारीख वहीत उतरवून घरी न्या.

स्वाध्याय
१. वरील सूचना तुमच्या आजीला समजेल अशी उर्दूत सांगा. दोन्ही वाक्ये आली पाहिजेत.
२. ‘जाऊ नका’ आणि ‘जाऊ नये’ यांतील फरक प्रत्येकी एका वाक्यातून दाखवा.
३. तुमच्या शाळेच्या फलकावरील आजची सूचना लिहून आणा. तिच्यात तारीख व सही आहे का, ते पाहा.