वाकडी भिंत आणि व्हिनाइल टाइलची कड

जुन्या इमारतीत दुकान असलेल्या व्यापारी बंधूंसाठी आमचा हा तजुर्बा लिहीत आहोत. आमच्या कापड दुकानाची भिंत चुन्याच्या गिलाव्याची आहे. कुठे फुगलेली, कुठे आत गेलेली. ईदच्या सीझनआधी आम्ही व्हिनाइल टाइल बसवून घेतल्या. मिस्त्री म्हणाले, "शेठ, कडेचा एकेक तुकडा भिंतीला लावून कापावा लागेल. दोन दिवस जास्त द्या." आम्ही ऐकले नाही. तुकडे सरळ कापायला लावले आणि राहिलेल्या फटीत व्हाइट सिमेंट भरून घेतले.

दोन महिन्यांत सिमेंटला तडे गेले. पोछ्याचे पाणी आत शिरले, गोंद सुटला, कडा वर आल्या. एका बुजुर्ग खालांचा पाय त्यात अडकला. काउंटर हाताशी होता म्हणून त्या सावरल्या. कसूर मिस्त्रींचा नव्हता, आमचा होता. त्यांनाच परत बोलावले, पूर्ण मजुरी दिली आणि या वेळी काम नीट पाहिले. ते असे:

१) भिंतीला ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त करावा. ओलीवर गोंद टिकत नाही.

२) आधी सर्व अखंड टाइल बसवाव्यात. कडेचे तुकडे शेवटी.

३) शेवटच्या अखंड टाइलवर एक सुटी टाइल तंतोतंत ठेवावी. टाइलच्या लांबीपेक्षा एक सूत जास्त लांब अशी लाकडी पट्टी घ्यावी. पट्टीचे एक टोक भिंतीला टेकवून, पट्टी तिरकी होऊ न देता सरकवत न्यावी. दुसऱ्या टोकाला धरलेली पेन्सिल सुट्या टाइलवर भिंतीचा वाक उतरवते.

४) त्या रेघेवर कापावे. भिंतीपासून लांबचा भाग आपल्या कामाचा. तो उचलून मोकळ्या जागेत ठेवावा, कापलेली कड भिंतीकडे. एक सूत फट आपोआप राहते. टाइल कडक असेल तर हेअर ड्रायरने जरा गरम करावी.

५) फट सिमेंटने भरू नये. वरून लवचिक पीव्हीसी स्कर्टिंग लावावी. ती वाकड्या भिंतीबरोबर वळते. ती भिंतीला चिकटवावी, टाइलला नव्हे. वर बारीक फट दिसली तर सीलंट भरावा. फट टाइल कंपनीने सांगितलेल्या मापाची असावी आणि स्कर्टिंगखाली पूर्ण झाकली जावी.

आम्ही आयुष्यभर कापड विकले. दर्जी अंगाचे माप घेतल्याशिवाय कात्री चालवत नाही, हे गिऱ्हाइकांना सांगत आलो. स्वतःच्या दुकानात मात्र तेच विसरलो. दोन दिवस वाचवायला गेलो आणि मजुरी दोनदा मोजली. बंधूंनो, कारागीर वेळ मागतो तेव्हा तो द्यावा. तोच सौदा स्वस्त पडतो.